सोलापुरात शर्यतीसाठी पहिला नायट्रो ट्रक कोणता घ्यावा?

शेंगापोळी
नमस्कार मंडळी.
गेले चार महिने दर रविवारी सकाळी विजापूर रोडला, सोरेगावच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर जातोय. तिथं सात-आठ जण नायट्रो ट्रक पळवतात, म्हणजे रिमोटवर चालणारे, आत खरं छोटं इंजिन असलेले मॉडेल ट्रक. मुरमाचा ट्रॅक, मधे दोन उड्या, एक मोठं वळण, कडेला जुने टायर. पहिल्यांदा रस्त्यावरूनच तो आवाज कानावर आला आणि मी मोटारसायकल बाजूला लावून तासभर उभा राहिलो. आता नुसतं बघून भागत नाही.

बजेट ३५ हजार, त्यातच सगळं बसवायचंय. समोर चार पर्याय आहेत. एक म्हणजे ३.३ सीसीचा जुना मॉन्स्टर ट्रक, उंच, मोठ्या चाकांचा, टू-स्पीडवाला (दोन गिअरचा), दिसायला जबरदस्त. दुसरा, १/१० चा (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाचा) नवा चायनीज फोर-व्हील ट्रक, म्हणजे चारही चाकांना ताकद, .१८ (घन इंच) इंजिनचा. तिसरा, १/१० चा जुना स्टेडियम ट्रक, हलका, टू-व्हील (ताकद फक्त मागच्या चाकांना), .१५ इंजिन. आणि एक ओळखीचा माणूस १/८ ची ट्रगी (बग्गी आणि ट्रक यांच्या मधली गाडी) विकायलाय, पण तिला इंजिन नाही.
मी एमआयडीसीत नोकरीला आहे, स्पॅनर हातात धरता येतो. नायट्रो इंजिन मात्र कधी उघडलेलं नाही. मन मॉन्स्टर ट्रककडं ओढ घेतंय. सांगा की राव.

हुरडापार्टी
मॉन्स्टर घे बे! उड्या बघायला आम्ही येतो, भाकरी-चटणी घेऊन.

बॅटरीफुल्ल
माझं वेगळं मत आहे. २०२५ उलटून गेलं, आता नायट्रो कशाला? ब्रशलेस मोटर आणि लायपो बॅटरीवरचा शॉर्ट-कोर्स ट्रक, म्हणजे विजेवर चालणारा शर्यतीचा ट्रक घ्या. घरी आला, चार्ज केला, पळवला. ना इंधन, ना ट्यूनिंग, ना शेजाऱ्यांची तक्रार. माझ्याकडं आधी नायट्रो होता. दोन तास खटपट आणि वीस मिनिटं पळापळ, हा हिशोब मला परवडेना.

मागाचा_जॉबर
बॅटरीवाल्या भावाचं म्हणणं खोटं नाही. पण ज्याला इंजिनचा नाद लागलाय त्याला मोटर दाखवून काय उपयोग? मी ३० वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले. माग बंद पडला तर जॉबर आधी कान लावतो, मग हात लावतो. नायट्रो इंजिनचं तसंच आहे. ज्याला ही खटपट म्हणजेच खेळ वाटतो त्यानं नायट्रो घ्यावा, बाकीच्यांनी बॅटरी. यात कमी-जास्त काही नाही.

आता मूळ प्रश्न. पोरा, ट्रकच्या आधी सोलापूरची धूळ बघ. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा थर पिठासारखा होतो. मुरमाची धूळ वेगळी, ती कानशीसारखी घासते. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी), तिला आतून क्रोम. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते आणि पिस्टन तिथं घट्ट बसतो. सगळं कॉम्प्रेशन त्या घट्टपणावर चालतं. चिमूटभर धूळ कार्ब्युरेटरमधून आत गेली की तो घट्टपणा गेलाच म्हणून समज. नवं इंजिन मी एका सकाळीत संपलेलं बघितलंय, फक्त फिल्टर नीट बसला नव्हता म्हणून.

तेव्हा ट्रक कोणताही घे. दोन थरांचा फोम फिल्टर, त्याला फिल्टर ऑईल, आणि मानेवर झिप टाय आवळून. दर रविवारनंतर फिल्टर धुवायचा. दोन फिल्टर जवळ ठेव, एक वाळतोय तोवर दुसरा.

मुळाकाठ
पुण्यातून लिहितोय. मी १/८ ट्रगी पळवतो. शर्यत करायचीच असेल तर ट्रगी घ्या. ती मुळात शर्यतीसाठीच घडवलेली असते. पुढं, मधे, मागं अशी तीन डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारे गिअर), ३.५ सीसी म्हणजे .२१ इंजिन, गुरुत्वमध्य खाली. मॉन्स्टर ट्रक उंच असतो, त्यामुळं वळणावर कलंडतो. उड्या मारायला मजा, पण दहा मिनिटांच्या शर्यतीत निम्मा वेळ कोणीतरी धावत जाऊन त्याला सरळ करत असतो.

हुरडापार्टी
म्हणजे धावायचा व्यायामही फुकट! अजून एक कारण झालं मॉन्स्टर घ्यायला.

शेंगापोळी
@मुळाकाठ, ट्रगी स्वस्तात मिळतीय, पण इंजिन नाही. साधारण किती लागतील?

मुळाकाठ
इथंच खरी अडचण आहे. शर्यतीच्या .२१ इंजिनांना बहुतेक पुल-स्टार्ट (दोरी ओढून सुरू करायची सोय) नसतो, म्हणून इंजिन फिरवून देणारा स्टार्टर बॉक्स आला आणि त्याच्या बॅटऱ्या आल्या. शिवाय ट्रगी जड, तिच्या स्टिअरिंगला ताकदीचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) लागतो. ३५ हजारांत चांगलं इंजिन, पाईप, सर्व्हो, रिमोट आणि इंधन बसवणं अवघड आहे. हलकं इंजिन टाकून ट्रगी पळवू नका, जीव गुदमरतो तिचा.

कंबरतलाव
वाचतेय. सविस्तर लिहिते संध्याकाळी, पोळ्या झाल्यावर.

एरंडेल
इंधनाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. शेंगापोळी, ट्रक कोणताही घ्या, सोलापुरात इंधन कुठून आणणार? पेट्रोल पंपावर हे मिळत नाही. मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं ते मिश्रण असतं. गाड्यांच्या इंधनात नायट्रो साधारण २० ते २५ टक्के. इंजिन स्पार्कवर चालत नाही. ग्लो प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेला मेथॅनॉलची वाफ लागली की ती तार लाल राहते, आणि प्रत्येक फेरीला मिश्रण पेटतं. म्हणून सुरू करताना इग्नायटर (प्लगची तार तापवणारी बॅटरी) लावायचा, इंजिनानं सूर धरला की काढायचा.

बेधडक_बाळे
पेट्रोलमध्ये 2T ऑईल टाकून चालत नाही का? जुन्या लूनासारखं?

एरंडेल
नाही, भाऊ. प्लॅटिनमची ती करामत मेथॅनॉलवरच होते, पेट्रोलवर तार विझते. आणि पंपावरचं 2T ऑईल मेथॅनॉलमध्ये विरघळत नाही, तळाशी वेगळं बसतं. म्हणजे इंजिन कोरडं फिरणार. नायट्रोच्या इंधनात सिंथेटिक तेल नाहीतर एरंडेल असतं, बऱ्याचदा दोन्ही. एरंडेलाचा गुण असा की सिंथेटिक तेल जळून जाईल इतकी उष्णता झाली तरी ते धातूला चिकटून राहतं. आपल्या उन्हात मी एरंडेल असलेलंच इंधन घेतो.

हुरडापार्टी
लहानपणी आजी चमचा घेऊन मागं पळायची, आता ट्रकच्या मागं पळणार. एरंडेल काही आपला पिच्छा सोडत नाही.

बेधडक_बाळे
मग किराणा दुकानातलं एरंडेल आणून घरीच इंधन बनवू का?

एरंडेल
नको. इंजिनसाठीचं एरंडेल वेगळं शुद्ध केलेलं असतं. दुकानातल्या तेलातला चिकटपणा पिस्टनवर लाखेसारखा बसतो. आणि मेथॅनॉल घरात आणून मिसळत बसणं, हे तर अजिबात नको.

निळा_स्टेथो
वरच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दहा वेळा दुजोरा. मी डॉक्टर आहे आणि या एका गोष्टीवर जरा लांब लिहिणार आहे.

मेथॅनॉल म्हणजे तेच, ज्यानं २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूतून शंभराहून अधिक माणसं दगावली. पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं आणि डोळ्याची नस आधी जाते. जे वाचतात त्यांतल्या काहींची दृष्टी कायमची जाते. त्वचेतूनही ते शरीरात शिरतं. म्हणून इंधन भरताना नायट्राइल हातमोजे, मोकळी हवा, आणि नळी तोंडानं ओढणं कधीही नाही. कधीही नाही म्हणजे एकदाही नाही. इंधन मूळ डब्यातच ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका, घरात लहान मूल असो वा नसो. उन्हाळ्यात तहानलेला माणूस बाटलीवरचं काही वाचत नाही.

दुसरं, मेथॅनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळपास दिसत नाही. टाकी सांडून पेटली तर धूर नाही, लाल जाळ नाही, फक्त हवा थरथरते. पिटमध्ये (ट्रक आत घेऊन इंधन भरतात तिथं) पाण्याची बादली आणि ओलं पोतं ठेवा. मेथॅनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळं भरपूर पाण्यानं ते विझतं.

शेंगापोळी
डॉक्टर, हे माहीतच नव्हतं. आम्ही डबा मोटारसायकलला लटकवून आणतो आणि ट्रॅकवर उन्हातच ठेवतो. या रविवारी सगळ्यांना सांगतो.

मागाचा_जॉबर
डबा सावलीत ठेव आणि झाकण घट्ट लाव. मेथॅनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा वापरला की इंजिन कधी चढतं, कधी पडतं, आणि माणूस नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवत बसतो. तीच ओल इंजिनच्या बेअरिंगला गंज आणते. दिवस संपला की टाकी रिकामी करायची, नळीत राहिलेलं इंधन इंजिन चालवून संपवायचं, प्लग काढून चार थेंब आफ्टर-रन ऑईल (गंज रोखणारं तेल) टाकायचं, फ्लायव्हील फिरवायचं आणि पिस्टन खाली आणून ठेवायचा. वर घट्ट ठेवला तर स्लीव्ह थंड होताना त्याला धरून बसते.

मुळाकाठ
इंधनाबद्दल अजून एक. हे ज्वलनशील द्रव आहे, साध्या कुरिअरनं येत नाही. एकट्यानं एक डबा मागवण्यापेक्षा सगळ्या गटानं मिळून रस्त्यानं एकदम आणावं. आमच्याकडं तसंच करतात.

माळरान
थोडं विषयांतर. वरच्या फोटोच्या धाग्यात कोणीतरी नान्नजकडच्या माळावर ट्रक पळवायचं लिहिलं होतं. कृपा करून तिकडं जाऊ नका. ते माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक आता तिथं फारसा उरलेला नाही, पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. नायट्रोचा आवाज लांबवर जातो.

शेंगापोळी
माळरान दादा, आमचा प्लॉट त्या बाजूला नाही. नान्नजचा विचार होता तो सोडला. धन्यवाद.

बॅटरीफुल्ल
आता बघा, फिल्टर, एरंडेल, हातमोजे, ओलं पोतं. मी म्हणत होतो ते हेच. तरीही घ्यायचाच असेल तर एवढं पाळा: २.४ गीगाहर्ट्झचा रिमोट आणि त्यात फेलसेफ. सिग्नल तुटला की ट्रकनं आपोआप ब्रेक लावला पाहिजे. माझा जुना नायट्रो रिसीव्हरची बॅटरी उतरल्यामुळं पूर्ण थ्रॉटलवर सुटला होता आणि भिंतीवर थांबला. तिथं मूल उभं असतं तर? त्या दिवसानंतर मी नायट्रो विकला. नवीन येणाऱ्यानं थ्रॉटलच्या दांड्यावर रिटर्न स्प्रिंग लावावीच. चार रुपयांची वस्तू आहे.

मागाचा_जॉबर
हे मात्र लाख मोलाचं बोललात. आमच्या प्लॉटवर स्प्रिंग नसेल तर ट्रक उतरवू देत नाहीत.

कंबरतलाव
आले. माझा मुलगा पळवतो आणि मी पिट सांभाळते, म्हणजे धावत्या शर्यतीत इंधन भरणं, प्लग बदलणं, तापमान बघणं. सुरुवातीला मला हा सगळा धुराचा खेळ वाटायचा. आता कानानंच कळतं की इंजिन लीन झालंय, म्हणजे त्याला इंधन कमी पडतंय.

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण शेंगापोळीला एक साधी गोष्ट कोणी विचारलीच नाही. त्या प्लॉटवर जे सात-आठ जण आहेत, त्यांच्याकडं कोणते ट्रक आहेत?

शेंगापोळी
ताई, मोजून सांगतो. पाच जणांकडं १/१० चे टू-व्हील स्टेडियम ट्रक आहेत. दोन मॉन्स्टर. एकाकडं ट्रगी, तो महिन्यातनं एकदा येतो.

कंबरतलाव
मग उत्तर त्यातच आहे. पाच जण स्टेडियम ट्रकवर असतील तर तुम्हीही स्टेडियम ट्रकच घ्या. एकटा मॉन्स्टर घेऊन पाच हलक्या ट्रकांत उतरलात तर ना तुमची शर्यत होईल ना त्यांची. सरळ रेषेत तुम्ही पुढं, वळणावर ते पुढं, आणि चार किलोचा ट्रक दोन किलोच्या ट्रकवर आदळला की भांडण. आमच्याकडं हे होऊन गेलंय. मुलाचा पहिला ट्रक मॉन्स्टरच होता. सहा महिने एकटाच पळवला त्यानं, हरला नाही आणि जिंकलाही नाही, कारण बरोबरीला कोणी नव्हतं. मला त्याचं तोंड बघवेना. शेवटी विकून स्टेडियम ट्रक घेतला आणि पहिल्या रविवारी शेवटून दुसरा आला. तरी घरी येईपर्यंत बोलतच होता, अमक्याला कुठं गाठलं, तमक्यानं कसं आत घुसून नेलं.

अजून एक फायदा. पाच जणांकडं एकाच जातीचा ट्रक म्हणजे सुट्या भागांचं दुकान प्लॉटवरच. सस्पेन्शन आर्म तुटला तर कोणाच्या तरी डब्यात निघतो. वेगळा ट्रक असेल तर आठ दिवस पार्सलची वाट बघत बसायचं.

मुळाकाठ
ताईंशी सहमत. मी ट्रगी म्हणालो कारण माझ्या भोवती सगळे ट्रगीवाले आहेत. माझा सल्ला मागे घेतो.

फक्त एक शंका. टू-व्हील ट्रक सुट्या मुरमावर मागनं फिरत नाही का? नवख्याला फोर-व्हील सोपा जातो.

मागाचा_जॉबर
फिरतो की! जास्त थ्रॉटल दिला की शेपूट पुढं येतं. त्यामुळंच तर बोट शिकतं. फोर-व्हीलमध्ये चुकीचा थ्रॉटलही खपून जातो. टू-व्हीलवर वर्षभर काढलेलं पोरगं कुठल्याही ट्रकवर बसव, पळवतं. शिवाय एकच डिफरन्शियल, मोडायला कमी, उघडायला सोपं. टाकी ७५ सीसीच्या आसपास, म्हणजे इंधन कमी लागतं.

नवा चायनीज फोर-व्हील वाईट नाही, पण तुझ्या प्लॉटवर तोही एकटाच पडेल.

शेंगापोळी
मन थोडं खट्टू झालं मॉन्स्टरसाठी, पण पटलं. मालक, जुना स्टेडियम ट्रक घेताना काय बघू? विकणारा म्हणतो इंजिन ‘एकदम टाइट’ आहे.

मागाचा_जॉबर
इंजिन थंड असताना बघ. गरम करून ठेवलेलं असेल तर थंड होईपर्यंत चहा घे. प्लग काढ आणि फ्लायव्हील बोटानं फिरव. पिस्टन अगदी वर येताना अडल्यासारखं लागलं पाहिजे, त्यालाच पिंच म्हणतात. अलगद फिरलं तर स्लीव्ह झिजलीय, इंजिनचे पैसे धरू नको. मग कार्ब्युरेटरच्या तोंडातून बोट घालून बघ, धुळीचा थर लागला तर ट्रक तिथंच ठेव. फ्लायव्हीलच्या मागं तेल ओघळलेलं असेल तर पुढचं बेअरिंग गळतंय. क्लच बेल (क्लचवर फिरणारी वाटी) हातानं हलव, खडखडली तर तिची बेअरिंग गेलीत, ती स्वस्तात बदलतात. चासीचं पोट घासलेलं असणारच, त्याची काळजी नको. वाकलेलं नसावं.

एरंडेल
आणि घेतल्यावर घाईनं पूर्ण थ्रॉटल देऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. प्लगच्या बुडाशी १०० ते १२० सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं की ठीक. हाय-स्पीड नीडल थोडी रिच (इंधन जरा जास्त) ठेवा, पूर्ण वेगात मागं निळसर धुराची रेघ दिसली पाहिजे. रेघ दिसेनाशी झाली तर लगेच आत घ्या. लो-स्पीड नीडलसाठी आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबा. तीन-चार सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच पडलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच.

सोलापूरची हवा ध्यानात ठेवा. मेच्या दुपारी ४२ डिग्रीत हवा विरळ असते, म्हणून सकाळचं सेटिंग रिच वाटेल. डिसेंबरच्या सकाळी उलटं, हवा दाट, आणि उन्हाळ्यातलं तेच सेटिंग लीन पडेल. म्हणून इंजिनं थंडीतही जातात, नुसती उन्हाळ्यात नाही. लोकांना हे खरं वाटत नाही.

बेधडक_बाळे
मलाही नव्हतं वाटलं. वाचनखूण साठवली.

निळा_स्टेथो
उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आवरा. इंजिनची काळजी घेताय तशी स्वतःचीही घ्या, ताक न्या बरोबर.

शेंगापोळी
मंडळी, घेतला!
१/१० चा स्टेडियम ट्रक, टू-व्हील, .१५ इंजिन. प्लग काढून फिरवला, वर पिंच लागला. विकणाऱ्यानं चहाही पाजला. क्लच बेल खडखडत होती, तेवढे पैसे कमी केले आणि बेअरिंग परवा बदलली. गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून अंतर धरलं, धातूत बसणाऱ्या सगळ्या स्क्रूंना लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलं. रिटर्न स्प्रिंग लावली. रिमोट बंद करून फेलसेफ तपासला, ब्रेक लागतो. ट्रक, थर्मामीटर, इग्नायटर, दोन फिल्टर आणि इंधनातला माझा वाटा धरून तीन हजार उरलेत.

काल संध्याकाळी घरामागच्या रस्त्यावर एक टाकी चालवली, सावकाश. तापमान १०५. धूर दिसत होता. आई गॅलरीत उभी राहून म्हणाली, मिक्सर बिघडलाय का बघ.

एकच प्रश्न उरलाय. ब्रेक दाबला की ट्रक उजवीकडं ओढतो. चाकं मोकळी फिरतात, टाय रॉड सरळ आहे.

मागाचा_जॉबर
आधी मागच्या दोन्ही टायरांचे गोंद बघ. एका बाजूचा रिमपासून सुटला असेल तर तो ब्रेकला घसरतो. तो ठीक असला तर डिफरन्शियल उघडावा लागेल. रविवारी ये लवकर, सव्वासहाला. दोघं मिळून उघडू.

कंबरतलाव
माझ्या डब्यात टायरचा गोंद आहे, घेऊन येते. आणि ओलं पोतं यावेळी तुम्ही आणा.

शेंगापोळी
आणतो ताई. बादलीही आणतो.